फक्कीचं स्वयंपाकघर

सिल्वासाजवळच्या सामरवरणीत, बंगल्यांच्या त्या सोसायटीत खोटं लिहिता न येणारा माणूस एकच होता, आणि बांधकामाच्या परवानगीचा अर्ज करायची वेळ नेमकी त्याच्यावर आली. सुरेश बोरसे, वय चौपन्न, सूत कारखान्यात गुणवत्ता विभागाचा मॅनेजर. अठ्ठावीस वर्षं तो कामगारांना एकच मंत्र देत आला होता : जे करता ते लिहा, आणि जे लिहिता तेच करा. कामगार माना डोलावायचे आणि मनाला येईल ते करायचे. मंत्र मनापासून पाळणारा अख्ख्या कारखान्यात एकच निघाला, तो म्हणजे मंत्र देणारा.

या माणसाला घरामागच्या मोकळ्या जागेत एक खोली बांधायची होती. खोली वडिलांसाठी. भिकाबापू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अमळनेरजवळच्या गावातले. बायको गेल्यापासून सहा वर्षं एकटे राहायचे आणि आपल्या हाताने रांधून खायचे. गेल्या दिवाळीनंतर ते न्हाणीत पाय घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. शेजारचा माणूस ताक द्यायला आला म्हणून कळलं तरी. सुरेशने त्याच दिवशी गाडी काढली आणि त्यांना सिल्वासाला घेऊन आला.

बापू आले, पण रमले नाहीत. सुरेशची बायको विद्या जे वाढेल ते "चांगलं हाय" म्हणत खायचे आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठायचे. दोन महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला. शेवटी एका रविवारी त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"मले मांगे एक खोली बांधी दे," ते म्हणाले. "तिच्यात माझी चूल घालीन. आखाजीपर्यंत वाट पाहतो. नही तं मी चाललो गावाले."

"चूल कशाला, बापू? घरात गॅस आहे, विद्या आहे."

"तुले सांगितलं ना," बापू म्हणाले, आणि खुलासा तिथेच संपला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशी माणसाला हा सण दिवाळीहून मोठा, त्यामुळे ही मुदत नुसती बोलायची गोष्ट नव्हती. सुरेशच्या डोळ्यांसमोरून गावातली ती न्हाणी हलत नव्हती. बाप पुन्हा एकटा राहायला गेला आणि पुन्हा पडला, तर ताकवाला वेळेवर येईलच याची हमी कोण देणार? त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो फाईल उघडायचा.

विद्याचं दुखणं निराळं. "माझ्या हातचं त्यांना जात नाही, एवढं सरळ आहे," ती म्हणाली. तिने भाजीत तिखट वाढवलं, गावाकडून काळा मसाला मागवला, फोडणी टाकताना स्वतः पदर नाकाला लावून खोकली, तिला दमा होता. तरी ताटात अर्धी पोळी राहायचीच. बरं, सासऱ्यांना सरळ विचारावं, तर तीही सोय नव्हती. बापू जुन्या वळणाचे. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरायचं, आणि सांगायचं ते मुलाला सांगायचं. मुलगा घरात नसेल तर भिंतीला. विद्या दोन हातांच्या अंतरावर उभी असताना बापू भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा असंल तं पाहा म्हणा." मग विद्या चहा ठेवायची. सव्वीस वर्षं हा संसार भिंतीच्या मध्यस्थीने चालला होता.

दीड वर्षापूर्वीही बापू वीस दिवस राहून गेले होते. तेव्हा ते खुशाल स्वयंपाकघरात शिरायचे, आपलं आपण करून घ्यायचे, दोन वेळा पोटभर जेवायचे. त्याच मुक्कामात विद्याला दम्याचा मोठा झटका आला आणि तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बापूंनी पिशवी उचलली. "इथलं पाणी मले मानवत नही," म्हणाले आणि गेले. सुरेशने दोन्ही प्रकरणांवर तातडीने कारवाई केली. पाण्यासाठी नवा फिल्टर बसवला. झटक्याचं मूळ कारण शोधायला त्याने कारखान्यात काढतात तशी माशाच्या काट्याची आकृती काढली, एकेका काट्यावर एकेक संशयित. नरोली रस्त्यावरची धूळ, कारखान्यांचा धूर, गादीतला कापूस, शेजारच्या कुत्र्याचे केस. असे अकरा काटे निघाले. आकृती अजून फ्रीजला चिकटवलेली होती आणि रोज दूध काढताना ती सगळ्यांना दिसायची.

खोलीचा नकाशा काढायला कल्पेश आला. हा कल्पेश बारा गावचं पाणी प्यायलेला, अर्ध्या सामरवरणीचे नकाशे त्याच्याच हातचे.

"सुरेशभाई, एकदम सिंपल छे," तो म्हणाला. "नकाशात 'स्टोर' लिहा. स्टोरची परमिशन पटकन मिळते. मग आत बापूजी राहू दे के गहू राहू दे, कोण बघायला येणार?"

"पण आत चूल आहे."

"ती नाय दाखवायची. चूल अने मोरी दिसली, तो दुसरं घर. नाय दिसली, तो सामान. नियम एवढाच छे."

नियम खरोखरच जवळपास एवढाच होता. एका प्लॉटवर एक घर. मागे दुसरं छोटं घर बांधायचं, तर त्याला वेगळी परवानगी. ते मोठ्या घरापासून आणि कुंपणापासून ठरलेल्या अंतरावर हवं, त्याला स्वतःचं दार, स्वतःचा ओटा, स्वतःची मोरी हवी, आणि राहणारा मालकाच्या कुटुंबातलाच हवा. भाडेकरू चालणार नाही. तेव्हा लोक स्टोअर लिहायचे. शेजारच्या प्रभाकररावांच्या घरामागेही कागदोपत्री स्टोअरच होतं. ते रोज सकाळी सात वाजता दात घासत बाहेर यायचं, चार जण मिळून, आणि डबे घेऊन कारखान्यात जायचं.

"मी स्टोअर लिहिणार नाही," सुरेश म्हणाला. "माझा बाप सामान नाही."

कल्पेशने त्याच्याकडे दयेने पाहिलं. हात दाखवून अवलक्षण करणारी माणसं त्यालाही रोज भेटत नव्हती.

सुरेश कचेरीत गेला तो बेचाळीस पानांची फाईल घेऊन. अनुक्रमणिका, रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक. खोली अजून जमिनीतून वर यायची होती आणि फाईल तिच्यापेक्षा जड झाली होती. ती उघडली मंजुषा नावाच्या कनिष्ठ अभियंता मुलीने. मूळची पालघरकडची, नोकरीला तीन वर्षं झालेली. तिने पहिलं पान वाचलं, मग कपाट उघडून खालच्या कप्प्यातून एक पिवळा पडलेला छापील अर्ज शोधून काढला.

"सर, मी आल्यापासून हा फॉर्म मागणारे तुम्ही पहिले," ती म्हणाली. "बाकी सगळे स्टोअरच बांधतात."

"एवढं सामान आहे लोकांकडे?" सुरेशने मनापासून विचारलं.

हा माणूस चेष्टा करतोय की काय म्हणून मंजुषाने दोन क्षण त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की करत नाहीये, आणि तेव्हापासून ती त्याच्याशी जरा जपून बोलायला लागली.

सगळं जमलं, अंतरं जुळली, आणि शेवटच्या पानावर घोडं पेंड खायला लागलं. तिथे राहणाऱ्या माणसाचं हमीपत्र होतं : 'मी अर्जदाराच्या कुटुंबातील सदस्य असून, स्वतंत्र कुटुंब म्हणून वेगळ्या चुलीवर राहणार आहे.' खाली कारणाचा रकाना, त्याखाली सहीची जागा.

"कुटुंबातलाही आणि स्वतंत्र कुटुंबही?" सुरेशने विचारलं.

"दोन्ही, सर. कुटुंबातले नसतील तर भाडेकरू धरतात. स्वतंत्र नसतील तर मग दुसरं घर कशाला, असं वरून विचारतात."

कारखान्यात असा विरोधाभास सापडला असता तर सुरेशने लाल शेरा मारला असता. इथे शेरा मारणारे दुसरे होते. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? जेवणानंतर, गप्पांच्या ओघात, "बापू, इथे जरा सही करा" म्हटलं असतं. सुरेशने बापूंना खुर्चीत बसवलं आणि कारखान्यातली सूचना वाचावी तसं हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश. वाचून झाल्यावर नेहमीच्या सवयीने विचारलं, "समजलं का? काही शंका?"

बापूंना सगळंच समजलं होतं.

"तू मले वेगळं काढी राह्यला?" त्यांनी विचारलं.

"नाही बापू, तो नुसता नमुना आहे."

"भाऊ भाऊ वेगळे व्हतात. माझा आन् माझ्या धाकल्या भावाचा वाटा झाला, तव्हा पंच बसले व्हते. मायची भांडी वाटली. परात कोणाकडे जाईल, त्याच्यावर अख्खी दुपार गेली. मायनं दोन दिस तोंडात घास नही घातला. आन् आता तू बापाले कागदावर वेगळं काढतो?"

"पण चूल तुम्हीच मागितली ना?"

"चूल मांगितली. वाटा नही मांगितला." बापू उठले. "स्टोर लिही. मी पडी राहीन सामानासारखा. पण वेगळा झालो म्हणून सही नही करणार."

ते आत गेले आणि कपाटावरची पिशवी खाली काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रभाकररावांकडून गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या. वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळकडची गाडी. चिठ्ठी त्यांनी पिशवीच्या बंदाला टाचणीने लावून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

विद्या त्या दिवशी नवऱ्याला ताडताड बोलली. "अहो, सगळं जग स्टोअर लिहितंय. तुमच्या एका शब्दापायी म्हातारा माणूस परत त्या न्हाणीत जाणार आहे." मग खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "तसंही त्यांना माझ्यापासून लांबच जायचंय." सुरेशला बायकोचंही पटत होतं आणि स्टोअरही लिहवत नव्हतं.

त्यात जागेची पाहणी ठरली, आखाजीच्या दहा दिवस आधी. परवानगीआधी वीट लावणं नियमात नव्हतं, म्हणून सुरेशने मागच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने खोली आखली. खऱ्या मापाची. भिंती, दार, ओटा, मोरी, सगळ्या पांढऱ्या रेघा. विद्या कपडे वाळत घालायला नेहमीच्या वाटेने निघाली तर हा खिडकीतून ओरडला, "भिंतीतून जाऊ नको, दाराने ये." तिने ओली चादर त्याच्या डोक्यावर टाकायची तेवढी बाकी ठेवली.

गंमत म्हणजे, सही न करणारे बापू प्लास्टिकची खुर्ची घेऊन रोज संध्याकाळी त्या रेघांच्या आत जाऊन बसायला लागले. जायचे दाराने. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरेशला हाक मारली.

"वटा इथं नको. त्या मांगल्या कोपऱ्यात घे."

"का? इथे घराजवळ पाण्याची लाईन सोपी पडते."

"वारा कुकडून येतो पाहा जरा," बापू म्हणाले.

सुरेशला वाटलं, वास्तुशास्त्र असेल. त्याने ओटा घरापासून लांबच्या कोपऱ्यात नेला, फक्की पुसून नवी मारली आणि फाईलमध्ये आवृत्ती क्रमांक तीन अशी नोंद केली. मूळ कारण शोधण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने वारा कुठून येतो ते पाहिलं नाही.

पाहणीच्या दिवशी मंजुषा टेप घेऊन आली. अंगणात आली, फक्कीच्या दारापाशी थांबली आणि सवयीने चपला बाहेर काढून आत गेली. आत गेल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं, पण परत जाऊन चपला घालणं तिलाही बरं वाटेना. तापल्या जमिनीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत तिने सगळी मापं घेतली. बापू फक्कीच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. टेप आली की पाय उचलायचे. विद्या पन्ह्याचे पेले घेऊन दाराबाहेर उभी होती.

"मापं बरोबर आहेत," मंजुषा म्हणाली. "काका, आता फक्त तुमची सही."

"ते वाक्य काढा. मंग करतो."

"ते छापील आहे, मला काढता येत नाही. पण खाली कारणाचा रकाना मोकळा आहे बघा. वेगळी चूल कशाला हवी, ते तुमच्या शब्दांत लिहा. मराठीत चालेल. तो रिकामा राहिला तर फाईल परत येते, मग माझ्या हातात काही नाही."

बापूंनी कागद घेतला, परत दिला, परत घेतला. "मी जे लिहीन त्याच्याखाली सही करीन," ते म्हणाले. "तुमच्या छापलेल्याच्या खाली नही."

"सहीची जागा तिथेच आहे, काका."

बापूंनी सुरेशकडून पेन मागून घेतलं, चष्मा लावला आणि फाईल मांडीवर धरून लिहायला बसले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं गोल. बराच वेळ लागला. एकदा त्यांनी वर पाहिलं, विद्याकडे नाही, तिच्या हातातल्या पेल्यांकडे, आणि पुन्हा लिहायला लागले. सही करून त्यांनी कागद सुरेशकडे दिला आणि मान वळवून कुंपणापलीकडे बघत बसले.

सुरेशने कागद हातात घेतला आणि जन्माची सवय, मोठ्याने वाचायला लागला. ओळीखाली बोट होतंच.

"'घरात सुनेला दमा आहे. मी मिरची भाजतो तर तिला खोकला येतो. मागच्या खेपेला माझ्यामुळे तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मला मिरचीशिवाय जेवण जात नाही. म्हणून चूल दूर पाहिजे. मी वेगळा झालो नाही.'"

शेवटी 'समजलं का' असं विचारायची त्याची रीत होती. या वेळी त्याने विचारलं नाही. फ्रीजवरचे अकराच्या अकरा काटे त्याला आठवले, आणि काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणजे काय, ते चौपन्नाव्या वर्षी समजलं. मिरच्या त्याच्या नाकाखाली भाजल्या जात होत्या आणि तो शेजारच्या कुत्र्याचे केस मोजत होता.

तरीही स्वभावाला औषध नाही. "मॅडम," तो घसा साफ करून म्हणाला, "शेवटी त्यांनी वेगळा झालो नाही असं लिहिलंय. वर छापलंय की स्वतंत्र कुटुंब. हे विसंगत होतं."

विद्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की दुसरा कुणी असता तर गपगुमान घरात गेला असता.

"सर, रकाना कारणाचा आहे आणि कारण दिलेलं आहे," मंजुषा म्हणाली. "त्यापुढचं वाक्य माझ्या कामाचं नाही." तिने कागदावर शिक्का मारला आणि फाईल काखेत घेतली. "परवानगीला महिना लागेल. तोपर्यंत विटेला वीट लावायची नाही."

महिना म्हणजे आखाजी होऊन वीस दिवस. सगळ्यांचे डोळे एकदम घराच्या दाराकडे गेले, तिथून पिशवी दिसत होती. मंजुषालाही ती दिसली असावी, चिठ्ठीसकट. तिने पन्हं संपवलं, फक्कीच्या दारातून बाहेर आली आणि चपला घालता घालता म्हणाली, "उघड्यावर तीन विटा मांडून कोणी भाकरी भाजली, तर त्याला मात्र आमच्याकडे फॉर्म नाही."

ती गेली. सुरेश तिला पोचवायला फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन बघतो तर विद्या कुंपणाशी पडलेल्या जुन्या विटा उचलत होती. तो मदतीला धावला, तेव्हा तिने त्याला नुसत्या हाताने थांबवलं. एकेक करत तिने तीन विटा नेल्या, दाराने आत नेल्या, आणि मागच्या कोपऱ्यात ओट्याच्या रेघांमध्ये मांडल्या. मग उभी राहून दोरीवरच्या चादरीकडे पाहिलं. चादर घराकडून कुंपणाकडे उडत होती. धूर तिकडेच, प्रभाकररावांच्या स्टोअरवर जाणार होता. तिथली चौघं मूळची धुळ्याची, त्यांना मिरचीचं काही वावडं नव्हतं.

बापू खुर्चीत तसेच बसून होते. विद्या त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"बापू," ती म्हणाली, "मागच्या वेळी इथलं पाणी मानवत नाही म्हणून गेलात तुम्ही."

सव्वीस वर्षांच्या सवयीने बापूंनी उत्तर द्यायला भिंतीकडे मान वळवली. पण भिंत अजून फक्कीचीच होती, पायाशी एक पांढरी रेघ आणि वर नुसता वारा. सांगायला तिथे कुणीच नव्हतं. मग ते सुनेकडे वळले.

"पाणी चांगलं हाय इथलं, विद्या," ते म्हणाले.